बाकावरचा जर्मन

सर, गेल्या आठवड्यात शाळेतली आपली क्रीडा खोली रिकामी केली. तिथं आता संगणक येणार आहेत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तुमचं लोखंडी कपाट तेव्हापासून कुणी उघडलंच नव्हतं. किल्ली माझ्याकडेच होती आणि मलाही कधी गरज पडली नाही. आत दोन फुटके चेंडू, गंजलेल्या शिट्ट्या, मैदान आखायच्या फक्कीची अर्धी पिशवी, तीही दगड झालेली, आणि तळाला एक निळी फाइल. फाइलमध्ये वर्तमानपत्राचा एकच तुकडा. तो वाचला आणि मी फरशीवर बसले. रडले वगैरे नाही.

त्या खोलीच्या भिंतीवरचा जर्मन तुम्ही विसरला नसाल. मी नववीत असताना रविवारच्या पुरवणीतून कापून तुम्हीच तो खळीनं चिकटवला होता. बाकावर बसलेला उंच गोलकीपर, हातात मोजे, नजर मैदानाकडे. खाली दहाबारा ओळी होत्या. एकोणिसाव्या वर्षी त्याला मोठ्या क्लबनं घेतलं, पण तिथला पहिला गोली इतका पक्का की याला सामना मिळेना. दर सामन्याआधी सगळ्यांबरोबर घाम गाळायचा आणि मग बाकावर येऊन बसायचा. ओळी तिथंच संपत. मला वाटायचं, बातमीच तेवढी असेल. मुलींच्या संघात मीही तेव्हा दुसरी गोली. अब्बांचं वडूजच्या बाजारात गाद्यांचं दुकान. त्यांनी लोकरीच्या मोज्यांत कापूस भरून, वरून गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवून मला हातमोजे करून दिले होते. सरावात चेंडू जोरात बसला की शिवणीतून कापूस बाहेर यायचा आणि मुली फिदीफिदी हसायच्या. तुम्ही म्हणालात, "हसू दे त्यास्नी. त्यो जर्मन बघ, मोजं काडत न्हाई. कवा बोलावनं ईल, सांगता येत न्हाई." वर्षभरात मला एकदाही बोलावणं आलं नाही. मोजे मात्र मी काढले नाहीत.

पुढं शिकून याच शाळेत शिक्षिका झाले, तेही तुमच्याच शब्दावर. शाळा विनाअनुदानित, माझ्या नेमणुकीला सरकारी मान्यता येईल तेव्हा येईल. तुमचे गुडघे तोवर कामातून गेले होते. मैदानात मी पळायचे आणि तुम्ही खुर्चीवरून ओरडायचात. परगावी सामने असले की मुलींच्या आया फाटकाशी येऊन विचारायच्या, "मॅडम, तुमी हाय न्हवं संगं? मग धाडतो पोरीला." मी असेन तरच संघ निघायचा, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

सहाव्या वर्षी सांगलीहून पत्र आलं. माधवनगरजवळची अनुदानित शाळा, कायम जागा, मुलींसाठी वेगळं मैदान. पत्र घेऊन मी तुमच्याकडे आले तो दिवस अजून दिसतो. तुम्ही गोलाच्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसलाय. मी आखलेली फक्कीची रेघ वाकडी आलीय म्हणून कुरकुर चाललीय. पत्र वाचता, होती तशी घडी घालता, परत देता.

"जायाचं तर जा. मी कोन आडवनार? पर त्यो जर्मन गेला न्हाई. आख्खी हयात बाकावर काडली, पर संघ सोडला न्हाई त्यानं."

"आवं सर, पर मला तिकडं खेळाया बोलावलंय," मी म्हणाले. तुमच्याशी बोलताना माझीही भाषा तुमच्यासारखीच व्हायची.

"मग जा की," म्हणालात आणि तोंड फिरवलंत. आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

आठव्या दिवशी मी सांगलीला नकार कळवला. अब्बांनी विचारलं, "बेटा, खुशीनं केलंस न्हवं?" मी हो म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लाल दोरीची नवी शिट्टी आणून दिलीत. मान्यता यायला त्यानंतर आणखी आठ वर्षं लागली. पत्र हातात पडलं तेव्हा मी आठवीचे पेपर तपासत होते. गठ्ठा संपवला, मग घरी आले. घरी सांगायला अब्बा नव्हते. तुम्हीही नव्हता.

तर तो तुकडा. भिंतीवरचा कागद हलक्या हातानं उतरवला आणि तुकडा त्याच्या खाली लावून बघितला. कात्रीची रेघ बरोबर जुळली. जर्मन निवृत्त झाला म्हणून ती बातमी होती. चार हंगाम बाकावर काढून त्यानं मोठा क्लब सोडला. एका लहानशा गावाच्या, खालच्या गटातल्या क्लबात गेला, पहिल्याच आठवड्यात गोलात उभा राहिला आणि पुढं दहा वर्षं तिथून हलला नाही. घरी येऊन फोनवरही शोधलं. आता त्याचं पोट सुटलंय. त्याच गावात लहान मुलांना उडी कशी मारायची ते शिकवतो. फोटोत तो मनापासून हसत होता.

कात्री चालवलीत तेव्हा मी नववीत होते. बाकावरच्या पोरीला धीर द्यायचा, एवढंच तुमच्या मनात असेल. पण सांगलीचं पत्र माझ्या हातात परत दिलंत तेव्हा तुम्हाला शेवट ठाऊक होता. मला राग यायला हवा. चार दिवस वाट बघितली, आला नाही. दाढ काढल्यावर गाल होतो तसं झालंय, चावलं तरी कळत नाही. एकच विचारायचं होतं. तुकडा फेकून का दिला नाहीत? जपून कशाला ठेवलात?

आता विचारण्यात अर्थ नाही. परवा आमची खेळाची तरुण शिक्षिका क्रीडा खोलीत माझ्याकडे आली. फलटणची आहे, तीन वर्षं झाली इथं. माझेही गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा मुलींबरोबर पळते तीच आणि परगावी जाते तीही तीच. तिला सांगलीच्या एका शाळेनं बोलावलंय. "मॅडम, जाऊ का?" तिनं विचारलं. बाहेर मुली फक्कीनं रेघा मारत होत्या. पुढच्या महिन्यात सामने आहेत. तिची नजर रिकाम्या भिंतीकडे गेली. तिथं खळीचे डाग तेवढे राहिलेत.

"तो जर्मन कुठं गेला? आणि मॅडम, त्याचं पुढं काय झालं हो?"

तुकडा माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती.

"काही नाही गं," मी म्हणाले. "तिथंच राहिला. शेवटपर्यंत."

तिनं मान डोलावली. सोमवारी ती सांगलीला कळवणार आहे. आज शनिवार. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून त्याच निळ्या फाइलमध्ये ठेवते आहे. तुकडाही तिथंच ठेवला, सर. माझ्याच्यानंही फेकवला नाही.