दारातल्या शेळ्या

धुळे,
७ एप्रिल १९९३

सौ. आक्कास,

हिलालचा नमस्कार. अक्षर पाहून दचकू नको. डाव्या हाताने लिहितोय, ओळी चढावर निघाल्यासारख्या वर जातात. लहानपणी मी डाव्या हाताने भाकरी मोडली की तू चापट मारायचीस. आता कितीही मार, दुसरा हात उरलाच नाही. रागावू नको, थट्टा केली. दवाखान्यात पडून पडून जीभ तेवढी जोरात चालते.

तब्येत बरी आहे. जखम कोरडी पडतेय. नसलेल्या बोटांना खाज सुटते, डॉक्टर म्हणतात असं होतंच. तुझी भावजय सुनंदा दोन्ही वेळचा डबा आणते. मायला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतंय मी जंगलात ड्युटीवर आहे. इथे उकाडा मरणाचा. तुमच्या केळीला पाणी मिळतंय का?

तुझं पत्र माझ्या नाक्यावरच्या पुनाने आणून दिलं. उद्या फौजदारसाहेब माझा जबाब घ्यायला येणार आहेत. हात बिबट्याने तोडला असं मी सांगावं, एवढंच तू मागितलंस. सगळं गाव तसंच सांगतंय म्हणे. दाजींना तुरुंगात धाडून हात परत येणार आहे का, असंही विचारलंस. नाही येणार. तो हिशेब मी तुझ्याआधी करून बसलोय.

पण आधी मला सुरुवातीपासून बोलू दे.

केळीचे घड कापणाऱ्या मजुरांना तुमच्या मळ्यात बिबट्याची पिल्लं सापडली. टोपलीत घालून त्यांनी ती तुझ्या अंगणात आणली. आजूबाजूच्या बायांनी त्यांना हळदकुंकू लावलं, कोणी नारळही आणला. मी वनखात्याच्या नाक्यावरून सायकल हाणत आलो आणि आल्याआल्या सगळ्यांवर खेकसलो, आठवतंय ना? मजूर म्हणाले, तीन होती. तू म्हणालीस, "दोनच व्हतात, भाऊ." मी तुझं ऐकलं. बहिणीचं नाही ऐकायचं तर कोणाचं? पुना आणि मी ती दोन्ही पिल्लं होती तिथे नेऊन ठेवली. संध्याकाळी मादी आली आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन गेली. आम्ही दोघं खुशीत परतलो. वनरक्षकाच्या नोकरीत असे दिवस थोडेच येतात.

तरी ती तुमच्या घराभोवती घुटमळत राहिली. सकाळी अंगणात तिच्या पंजांचे ठसे दिसायचे. दाजी म्हणाले, शेळ्यांवर डोळा आहे. मलाही तेच वाटलं. जळगावहून पिंजरा मागवला, तो अजून यायचा होता.

मग ती पहाट. मी पोचलो तेव्हा तुझ्या सासूबाई खाटेवर होत्या. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोललेली, मानेवर दाबून धरलेलं लुगडं भिजून खाली ठिबकत होतं. पडवीत झोपल्या होत्या, मादीला कुत्रं समजून काठी मारली, असं कोणीतरी सांगितलं. मादी पळून रिकाम्या गोठ्यात शिरलेली, दार बाहेरून ओढून घेतलेलं. आत गुरगुर नव्हती, नुसती धाप ऐकू येत होती. पिंजरा दुपारपर्यंत आला असता. म्हणून मी दाराला पाठ लावली आणि कडी घट्ट धरली. लोक कौलं काढून पेटते बोळे आत टाकत होते.

दाजी घड कापायचा कोयता घेऊन आले. "बाजूले व्हय रे, नहीतं तुले बी कापसू."

मी हललो नाही. गाव म्हणतं, घाव कडीवर होता, चुकून हातावर बसला. चुकून नाही, आक्का. दाजींनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि मग घातला. मनगटाखालचा हात कडीलाच राहिला, बोटं तशीच वळलेली. हा कोणाचा हात, असं मला क्षणभर वाटलं.

पुढचं तू पाहिलं नसशील तर बरं. कुऱ्हाडी, पहारी, बैलगाडीच्या शिवळा, हाताला येईल ते घेऊन लोक आत घुसले. ती एकदाच झेपावली, तीही पोटात पहार घुसलेली असताना. मेल्यावरही दाजी थांबले नाहीत, तोंडाचा चेंदा होईपर्यंत कोयता चालला. पोरं नखं उपटायला धावली. सासूबाई दुपारी गेल्या. माझी माय तशी पडली असती तर मीही कोयता उचलला असता, हे मी नाकारत नाही.

पण तू कुठे होतीस, आक्का? हे मला इथे पडल्यावर आठवलं. सासू रक्तात पडलेली, भाऊ ओरडतोय, आणि तू पडवीतल्या कणगीला पाठ लावून उभी. दोन्ही हात मागे. कणगीचं लिंपण नखांनी उकरलेलं. आणि शेळ्या दारातच बांधलेल्या, एकीलाही ओरखडा नाही. शेळ्या सोडून मादी ज्वारीची कणगी उकरत बसेल का?

तुझं बाळ दिवाळीत गेलं. त्यावरून सासूबाईंनी तुला काय काय ऐकवलं, तेही मला ठाऊक आहे. म्हणून सरळ विचारायचा धीर होत नव्हता. पुनाला खोदून विचारलं. शेवटी तिसऱ्या पिल्लाबद्दलचे तुझे शब्द त्याने सांगितले. "मना हातवर दूध पेस ते. कोणले सांगू नको." त्याच्यावर चिडू नको. मी त्याला रडवलं.

सासूचा जीव तुझ्यामुळे गेला, असं मी कधी म्हणणार नाही. पण दाजी म्हणतील. तेराव्याच्या जेवणाला ज्वारी लागेल, कणगी उघडावी लागेल. दाजी आधी पिल्लाकडे पाहतील, मग तुझ्याकडे. त्यांचं ते पाहणं मी बघितलंय.

म्हणून उद्या मी खरं सांगणार आहे. घाव दाजींनी घातला आणि जाणून घातला. मग ते तुझ्यापासून काही दिवस तरी लांब राहतील. तू शिव्या देशील, दे. मादी घरात कशाला शिरली, असंही साहेब विचारतील. शेळ्यांसाठी, असं सांगेन. एवढं एक खोटं तुझ्यासाठी बोलेन, आणि त्याची मला लाज नाही.

हे वाचत असशील तेव्हा पुना दारात थांबलेला असेल. त्याच्याजवळ टोपली आहे. पिल्लू तीत ठेव, वर केळीची पानं टाक. त्याची भावंडं पुनाला नाल्यात सापडली, ती नाक्यावर खोक्यात आहेत आणि आईसाठी ओरडतात. त्याला त्यांच्यात जाऊ दे. सोडवणार नाही तुला, माहीत आहे. तरी सोड. आणि तूही अंगावरच्या लुगड्यानिशी पुनाबरोबर चोपड्याला जा, तिथून धुळ्याची बस धर. सुतकात माहेरी निघाली म्हणून लोक बोलतील, बोलू दे. आखाजीच्या सणाला मी तुला न्यायला येणारच होतो. यंदा आखाजी आधी आली असं समज.

पत्र चुलीत घाल, मगच उंबरा ओलांड.

आलीस की जेवताना माझ्यासमोर बस. मी डाव्या हाताने भाकरी मोडतो, आणि कोणी चापट मारत नाही.

तुझी वाट पाहणारा,
हिलाल