आधी गज कुणी उचलायचा

सॅलिनास, १२ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. आणि दोन्ही गालांवर मुके. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता आणि आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले.

बातमी बरी नाही. कॉलेजच्या सहामाही परीक्षेत नापास होता होता वाचले. साथीला पियानोवर लिंडक्विस्टबाई होत्या. मी व्हायोलिन धरून सवयीने त्यांच्याकडे बघत उभी राहिले, त्या माझ्याकडे. परीक्षक आम्हा दोघींकडे. आपल्या मेक्सिकन मारियाची ताफ्यात गाणाऱ्याने श्वास घेतल्याशिवाय व्हायोलिनवाले हलतात का? लहानपणापासून तुमच्या डाव्या खांद्याकडे बघून मी गज टेकवत आले. इथे मीच पुढे व्हायचं, हे डोक्यात शिरतच नाही. सर म्हणाले, फेब्रुवारीत सान होजेच्या विद्यापीठाच्या प्रवेशचाचणीला अशी खांबासारखी उभी राहिलीस तर इथली दोन्ही वर्षं पाण्यात. सगळं सोडून घरी यावंसं वाटतं.

चायो आत्या मला तमालेंवर तमाले खाऊ घालतेय. तिला यातलं काही कळवू नका.

तुमच्या मायेची भुकेली,
नेलिदा


किंग सिटी, २० डिसेंबर

चि. नेलिदाला,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

अगं घोडे, तुला कुणी सांगितलं की तू माझ्या मागे वाजवतेस? जन्मभर ट्रम्पेटांच्या शेजारी उभा राहिलो, त्यांनी माझे कान खाल्ले. गाणं कुठे सुरू करायचं ते मला गेली काही वर्षं ऐकून कळतच नाही. मी तुझ्या गजाकडे बघतो. तारेला टेकण्याआधी तू तो किंचित वर घेतेस, तिथे मी श्वास घेतो. खांदा हलतो तो त्यानंतर. ज्या शनिवारी तू वाजवायला येत नाहीस, त्या शनिवारी मी घसा बसला म्हणून सांगतो. तुझ्या आईलाही घसाच माहीत आहे, तेव्हा तोंड बंद ठेव.

नाताळला ये, पोटभर राहा आणि परत जा. लिंडक्विस्टबाईंनी तुझ्याकडे बघावं, त्यांचं कामच ते.

तुझ्यावर लोभ आहेच, तो कमी होण्यातला नाही.
बाबा


सॅलिनास, ३ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

चाचणीत गज उचलला, जरा आधी. बाई पियानोवर आपसूक मागे आल्या. आज पत्र आलं, विद्यापीठाने मला तिसऱ्या वर्षाला घेतलं. आत्या अंगणात नाचली आणि मी न्हाणीघरात रडले.

बाबा, सान होजेहून दर शनिवारी येणं मला जमणार नाही. मग तुम्ही गाणार कसे? नाही जात म्हणून कळवायला कागदसुद्धा काढलाय. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते.

तुमचीच,
नेलिदा


किंग सिटी, ९ मार्च

चि. नेलिदाला,
आशीर्वाद. तो कागद चुलीत घाल.

तुझ्या आईला घशाचं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, तिला केव्हाच ठाऊक होतं, मीच सांगतो कधी याची वाट बघत होती. गाणं ताफ्यातल्या रामिरोकडे दिलं. थोडा नाकात गातो, पण आता मला त्याचा त्रास नाही. मी गिटारोन घेतली. पोटाला टेकवून वाजवायचं खर्जाचं वाद्य, त्याचा सूर कानाला विचारत नाही, पोटातच घुमतो. परवाच्या लग्नात दोनदाच चुकलो, तेवढं नवरदेवही चुकला.

मे महिन्यातल्या तुझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं येतोय. मला पहिल्या रांगेत बसवू नकोस. जिथून तुझा गज दिसेल अशी खुर्ची धरून ठेव. बाकीचं मला ऐकू येईल.

माया आहे तशीच ठेव.
बाबा