माझा रंग इंडिओ

३ मार्च
लॅमाँटला आज शेवटचं समजावलं. मी काळा नाही. इंडिओ. आमच्या डोमिनिकन देशात माझ्या रंगाला इंडिओ म्हणतात. काळे ते शेजारचे, हैतीतले. लॅमाँट कॉलेजच्या कँटीनमधला आचारी, स्वतः चांगला काळाकुट्ट. म्हणाला, तू काळा नाहीस तर मी स्वीडनचा राजा. सगळे फिदीफिदी हसले. शिक्षण नसलं की बारकावे कळत नाहीत. (शाळा मीही आठवीत सोडली, पण माझं वेगळं.)
संकल्प: दर शुक्रवारी केस बारीक. वाढले की लोकांना नको त्या शंका येतात.

७ मार्च
ताईचं काय करावं? माझी सख्खी बहीण निउर्का, याच कॉलेजात प्रोफेसर. तिनेच मला अमेरिकेत आणलं, इथे कँटीनमध्ये चिकटवलं. तिची नोकरी पक्की व्हायचीय, त्याआधी मोठं व्याख्यान. अशा वेळी शहाणी बाई केस सरळ करून घेते. हिने पिंजारून डोक्यावर झाड केलंय. वर पोस्टर, फोटोसकट: 'आम्ही काळे लॅटिनो'. आम्ही म्हणजे कोण? मला विचारलं होतं का?
कँटीनच्या दारावरचं पोस्टर काढून टाकलं. तिच्याच भल्यासाठी.
फोटो बघून लॅमाँटने विचारलं, ही तुझी कोण रे? म्हटलं, गावाकडची आहे.

११ मार्च
आईचा फोन. ताईला केस सरळ करायला सलूनमध्ये ने, आणि स्वतःसाठी पुढच्या पिढीचा रंग सुधारेल अशी एखादी गोरी बायको बघ, म्हणाली. जवळच्या लॉरेन्स गावात आपल्या डोमिनिकन बायकांचं सलून आहे, तिथे रविवारची वेळ घेतली. ताईला सांगितलं तर इतकी हसली की कॉफी सांडली. म्हणाली, विल्क्या, लहानपणी त्या ड्रायरखाली माझे कान भाजलेत, पुरे झालं. मग म्हणाली, व्याख्यानाला मात्र ये हं, पुढच्या रांगेत बस. तुझ्याशिवाय तिथे माझं कोण आहे?
जाणार. नवा शर्ट घालणार. काही कमीजास्त झालंच तर मी सावरून घेणार.

१९ मार्च, दुपार
व्याख्यान झालं. छान झालं.

१९ मार्च, संध्याकाळ
तेवढं छान नाही झालं.
पुढे बसलो नाही, तिथे उजेड फार होता. मधल्या रांगेत बसलो. लॅमाँट दाराशी कॉफी मांडत होता. ताई आमच्या घराबद्दल बोलली. शाळेत मास्तर तिला 'हैतीची' म्हणून बाहेर उभं करायचे, तेव्हा एवढासा मी दगड घेऊन त्यांच्या मागे धावलो होतो म्हणे. हे मी साफ विसरलो होतो. मग म्हणाली, तो माझा भाऊ इथेच बसलाय. माझाच रंग, माझेच केस. विल्किन, उभा राहा.
सगळ्यांनी माना वळवल्या. मीपण वळवली. मागे बघत राहिलो, हा विल्किन कोण म्हणून.
ताईने हातातलं पान उलटलं. मग म्हणाली, कामावर गेला असेल, फार कष्टाळू आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
स्टेजवरून खालचं दिसत नाही म्हणतात. दिवे डोळ्यांवर असतात.

२० मार्च
लॅमाँट आज चिडवत नाही. ताईची कॉफी द्यायला गेला तो बऱ्याच वेळाने परतला. तिच्याशी एवढं काय बोलत होता?
ताईला सांगायचं ठरवलं: पायाला मुंग्या आल्या होत्या.

२३ मार्च
फोन करणार होतो. ती कामात असेल.

४ एप्रिल
नोकरी पक्की झाली. त्याच केसांनिशी. घरी पार्टी, मलाही बोलावलं. म्हणजे राग नाही! मुंग्यांचं सांगायची गरजच उरली नाही.
तळलेली केळी, डुकराचं मटण, खूप प्रोफेसर. विभागप्रमुख बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? ताई अगदी गोड हसली. म्हणाली, हा विल्किन, कँटीनमध्ये असतो, माझ्या गावाकडचा.
मी हात पुढे केला. म्हटलं, हो.
सगळे गेल्यावर भांडी घासायला लागलो. ताईने हातातून स्पंज काढून घेतला. राहू द्या, म्हणाली, पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात.