उशिरा येणाऱ्या बाईंचं काय करायचं

मोठ्या बाई, तुमच्या शाळेतली शिपाईबाई लिहितेय. तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण आनंदाची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी नात मुख्याध्यापिका झाली! कुंभारीच्या शाळेत. मी गल्लीभर पेढे वाटले. शेजारणीला दोनदा दिले, तिनं दोन्ही वेळा "कशाचे वो?" विचारलं आणि मी दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतलीत, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय.

पण पोरगी दमते, बाई. आणि तिच्याकडं बघून मीही. घरी आली की चप्पल काढायच्या आधी मोबाईल. मास्तरलोकांचा ग्रुप आहे, त्यावर ती हुकूम टाकते, सगळे अंगठा दाखवतात आणि काम कुणीच करत नाही. "आजी, माझं कुणी ऐकतच नाही," म्हणते. तिच्या शाळेत एक तरुण बाई मंद्रूपहून एसटीनं येतात. लेकरू तान्हं, त्यामुळं रोज उशीर. काल नात म्हणाली, "उद्या नोटीस देणार. एकीला सोडलं की बाकीचे डोक्यावर बसतात."

मला आपल्या चौथीच्या बाई आठवल्या. त्यांचंही लेकरू तान्हंच होतं की. त्या धापा टाकत वर्गात येतात, तर तुम्ही तिथं पाढे घेताय. खडू त्यांच्या हातात देता आणि बाहेर येऊन मला म्हणता, "ऑफिसात झोळी बांध गं." तपासणीला साहेब आले, नेमकं तेव्हाच लेकरानं भोकाड पसरलं. "हे काय?" साहेब म्हणाले. "नवीन प्रवेश," तुम्ही म्हणालात. साहेबसुद्धा हसले! त्या बाईंनी पुढं कुणी न सांगता रविवारीही पोरं शिकवली. पण मला दुसरंही आठवतं. ज्याला उशीर होईल त्याचा तास तुम्हीच भरून काढायच्या. संध्याकाळी पाय सुजायचे, मी गरम पाण्याची बादली आणायची. "बाई, कुणाला तरी रागवा की," म्हटलं, तर माझ्यावरच खेकसलात, "तू घंटा दे जा." रिटायर व्हायच्या आधीच देवाघरी गेलात.

नोटिशीचं बोलून झाल्यावर नातीनं विचारलं, "आजी, तुझ्या मोठ्या बाई अशा वेळी काय करायच्या गं?"

"नोटीस द्यायच्या," मी म्हटलं. "लई कडक व्हत्या."

"बघ! म्हणजे माझं बरोबर आहे." किती दिवसांनी ती मोबाईल बाजूला ठेवून माझ्याशी गप्पा मारत बसली.

आज सकाळी कागद घेऊन निघाली. हाक मारायला मी दारापर्यंत गेले, तोंड उघडलं आणि म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" एव्हाना त्या मंद्रूपच्या बाईंच्या हातात नोटीस पडली असेल. बाई, तुमच्या नावानं मी खोटं बोलले. हे पत्र खरं तर नातीलाच द्यायला पाहिजे. पण मग ती तुमच्यासारखी होईल, आणि ते मला परत बघवणार नाही.