बावीस तारखेचा दिवस

निगडी, रविवार सकाळ

प्रिय दीपमाला,

कालपासून माझे सात फोन तू उचलले नाहीस. संस्कृतच्या मास्तराचे फोन लोक टाळतातच, पण सख्ख्या बहिणीनेही टाळले, म्हणून हे पत्र.

काल दुपारी तांब्याचा कलश घेऊन मी पुनावळ्याला आलो होतो. बावीसच्या वास्तुशांतीला होम कुठे मांडायचा ते पाहावं, जमलं तर तेजूची वही तपासावी, असा बेत. दाराला कुलूप. शेजारच्या कौशल्याबाई जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कसली वास्तुशांत, भाऊ? पोरीच्या डोक्याचं आपरेशन हाय न्हवं बावीसला. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" मी कलश तसाच काखोटीला मारून खाली उतरलो. घरचं पंचांग मी बघतो आणि घरची बातमी मला शेजारीण सांगते.

संध्याकाळी चाकणहून शिफ्ट संपवून ज्योतीराम थेट माझ्याकडे आले. मीच बोलावलं होतं. त्यांनी फाइल उघडली आणि एरवी कंपनीतल्या मशिनबद्दल बोलतात त्याच आवाजात सगळं सांगितलं. मेंदूच्या मागच्या बाजूला, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागात गाठ आहे. तिने आतल्या पाण्याची वाट अडवली, म्हणून डोक्यात दाब, म्हणून सकाळी उठल्या उठल्या उलट्या. गाठ कसली, ते काढून तपासल्यावरच कळेल. अशी बरीच मुलं बरी होतात, पण थांबू नये. मी विचारलं, कशाने झालं? ते म्हणाले, खाण्याने नाही, पडण्याने नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. मग चष्मा पुसत बसले. जावईबापूंना चष्मा इतका वेळ पुसताना मी प्रथमच पाहिलं.

चार रविवार माझ्या संस्कृतच्या वर्गात तेजू माझ्यासमोर मान तिरकी करून शब्दरूपं म्हणत होती. मी विचारलं, भरतनाट्यम लावलंस की काय? ती हसली. तिची अक्षरं ओळ सोडून उतरणीला लागली, तेव्हा मी लाल शाईने 'आळस' असा शेरा मारला. मागच्या रविवारी म्हणाली, मामा, मला दोन-दोन मामा दिसतात. मी म्हणालो, शाब्बास, द्विवचन आलं. सगळा वर्ग हसला, तीही हसली. त्या हसण्याने मला काल झोपू दिलं नाही.

पण मला काही माहीत नव्हतं, दीपा. तुला माहीत होतं. तुझ्या हातात फाइल होती आणि तू मला फोन करून गोड आवाजात विचारलंस, "दादा, नव्या घरासाठी एखादा चांगला दिवस काढ ना." पोरीच्या डोक्याला सुरी कधी लावायची, हे तू माझ्याकडून ठरवून घेतलंस, आणि मी शिऱ्यात बेदाणे जास्त घाल म्हणून चेष्टा करत राहिलो. लहानपणी पाटी फोडलीस तरी आधी माझ्याकडे यायचीस. आता मी परका झालो?

डॉक्टर उद्या, सोमवारीच ऑपरेशन करू म्हणत होते. तू म्हणालीस, दादाने दिवस काढलाय, दादाचा दिवस चुकत नाही. त्यांनी सूज उतरवायचं औषध दिलं, पोर सुस्तावली तर त्याच मिनिटाला घेऊन या म्हणून बजावलं, आणि नाइलाजाने मान डोलावली. ज्योतीरामांनी दोन दिवस तुला विनवलं. त्यांचं तू ऐकत नाहीस, कारण त्यांना पंचांग कळत नाही.

तर आता पंचांगाचं ऐक. तू दिवस विचारलास, तेव्हा मी ते उघडलंच नव्हतं. दहावीच्या पेपरांचा गठ्ठा एकवीसला परत द्यायचा होता, म्हणून बावीस म्हणालो. वर अमृतयोग आहे असं ठोकूनही दिलं. तू माझ्यापासून आजार लपवलास, मी तुझ्यापासून आळस. लाल शाईचा तो शेरा माझ्याच वहीत हवा होता. एवढं फोनवर सांगायची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर सातही वेळा तू उचलला नाहीस तेव्हा थोडं सुटल्यासारखं वाटलं. उद्याची जागा अजून आहे, ज्योतीरामांनी विचारून ठेवलंय. हे पत्र दाराखालून सरकवून मी खाली गाडीत बसेन. तेजूचे कपडे भर, वही राहू दे. आणि मुहूर्तच हवा असेल, तर हे वाचून संपेल तो.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
दादा