रजेऐवजी शाल

ती. नाना,

धाकट्या जितूचा साष्टांग नमस्कार. (त्याला अंगं आठ लागतात, माझी थोडी कमी भरतील, चालवून घ्या.) धुळ्यात थंडी कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडचं म्हणाल तर अठे बठ्ठं बरं शे.

रजेचं विचारलंत म्हणून सांगतो. फौजेत जायबंदी झालेल्यांना सरकारी नोकरीत उपचारासाठी पगारी रजा मिळते म्हणे, म्हणून मी अर्ज टाकला. सुरुंगानं पाय नेल्यावर गुडघ्याखाली जो खुंट उरला, तो नकली पायात घासून चिघळलाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाय चढवू नका, नाहीतर गुडघाही जाईल. आमच्या कचेरीत रजा-पगार बघणारे, आस्थापनेचे रतिलालभाऊ (माणूस वाईट नाही, फक्त नियमाबाहेर श्वास घेत नाही) म्हणाले, रजा आजारी अवयवाला असते, तुमचा तर पायच नाही, मग दुखतं काय? शिवाय, पाय अजून नाहीच, असा ताजा दाखला आणायला लावला. (केळीसारखा बुंध्यातून पुन्हा फुटेल, अशी आशा असावी.)

साहेबांना मात्र कणव आली. रजा देणं त्यांना जमेना, सत्कार जमला. सव्वीस जानेवारीला शाल, नारळ आणि माझ्या त्यागावर लांबलचक भाषण. माझ्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर पाहुण्यांचे हार ठेवलेले. मीही मूर्खच, झेंड्यापुढे सवयीनं सावधान उभा राहिलो, आणि विश्राम म्हणायचं कुणाला सुचलं नाही. नकली पायात रक्त उतरत होतं नि लोक टाळ्या वाजवत होते. खरं सांगतो नाना, पाय गेला त्या दिवशी शत्रूचासुद्धा इतका राग आला नव्हता. शाल कामिनीनं कपाटात टाकली, नारळाची चटणी केली. माझ्या बायकोला सत्काराचा उपयोग बरोबर कळतो.

बाकी क्षेम. आईला नि वहिनींना नमस्कार, नूतनला आशीर्वाद.

तुमचा
जितू
मेहरूण, जळगाव

ता. क. : रजा मंजूर झाली. सोमवारी गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. गुडघा जागेवर आहे, त्यामुळे तो नियमात बसतो, असं रतिलालभाऊ म्हणाले.

आणखी एक : दवाखान्याच्या कागदावर सही करायला कामिनीचा हात धजत नाही. तुम्ही रविवारीच या. आईला कापाकापीचं बोलू नका. विचारलंच तर सांगा, जितूला रजा मिळाली, घरी आराम करतोय.