झाडं तशीच ठेवली आहेत

शुक्रवार, २३ मे २०२५

चित्रा,

शेवटचं पोतं शिवून दाराशी ओढलं, हात धुतले आणि तशीच लिहायला बसले. नखांत अजून माती आहे, कागदावर उमटेल. तुम्ही दोघं बरे असाल. विचारायचं म्हणून विचारते. तुमच्या वरच्या खिडकीतून आमचं मागचं अंगण दिसतं, तेव्हा इकडची खुशाली तुला कळतच असेल.

आम्ही उद्या सकाळी निघतो. श्रीकांतची नोकरी गेली, म्हणून सौदीत राहायचा परवाना, त्याचा इकामा, रद्द होतोय, त्याबरोबर माझा आणि रेवाचाही. त्यानंतर हे घर तुमचं. मागे तू टेप घेऊन पडद्यांची मापं घ्यायला आलीस आणि जाताना म्हणालीस, “संपदाताई, बागेतली झाडं मात्र तशीच ठेवाल ना? प्लीज. मला सगळं नव्याने करायला जमायचं नाही.”

मी हो म्हटलं. शब्द पाळला आहे. वांगी, मिरच्या, अळू, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता. सगळी झाडं जागेवर आहेत.

माती नेली.

आम्ही या कंपाउंडमध्ये आलो तेव्हा अंगणात नुसती वाळू होती आणि खाली मिठासारखा पांढरा थर. पहिल्या वर्षी पेरलेली मेथी वीतभरही वाढली नाही, पिवळी पडून गेली. मग अल अहसाच्या एका शेतकऱ्याकडून शेणखत आणलं. श्रीकांतने ते गाडीच्या डिकीत घालून आणलं, भर उन्हात काचा खाली करून, वाटभर मला शिव्या देत. खजुराच्या वाळक्या पानांचा चुरा, चहाचा चोथा, कांद्याची सालं. अकरा वर्षं. लोक इथून सोनं नेतात. मी माती केली.

हाउसिंगचा नियम तुला माहीत आहे. घर जसं मिळालं तसं परत द्यायचं. मी ऑफिसात जाऊन शाहिदभाईंना विचारलं, बागेचं काय करू? ते हसले. “भाभी, रेत मिली थी, रेत दे दो. खलास.”

तेच करते आहे. एकेक रोप अलगद उपटलं, मुळं बादलीत धुतली, मातीचा कण राहू दिला नाही, आणि वाळूत परत लावलं. रांगा अगदी सरळ आहेत. गांडुळं हाताने वेचून पोत्यांत टाकली. कढीपत्ता हलेना, तेव्हा त्याच्या मुळांमधली माती चमच्याने खरवडून काढली.

माती गल्लीतल्या सगळ्या घरांत वाटली, तुमचं एक सोडून. तुझ्या शेजारच्या नबीलाने पोत्यात हात घातला, वास घेतला आणि म्हणाली, “बाजी, ये मिट्टी है या गाजर का हलवा?” तिच्या नवऱ्याने, शारीकने, कुठूनशी ढकलगाडी आणली. त्याने काही विचारलं नाही. इथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

रेवा दारात उभी राहून बघत होती. “आई, यू आर बीइंग सो पेटी. इतकं कोतं वागायचं?”

“हो. दुसरं टोक धर.”

तिने धरलं.

श्रीकांत हल्ली फारसं बोलत नाही. बॅगा भरता भरता बाहेर आला. “झाडांनी काय केलंय तुझं?”

“काही नाही. म्हणून तर ठेवली.”

तो आत गेला.

मेथीचं लिहायचं नव्हतं. लिहिते.

फेब्रुवारीत एका दुपारी तू इथे, मागच्या पायरीवर माझ्यासमोर बसून मेथी निवडत होतीस. त्याच सकाळी तुझ्या नवऱ्याने कंपनीच्या चौकशीत सांगितलं होतं की प्लांटवरचा पंप सुरू करायला त्याने परवानगी दिलीच नव्हती, श्रीकांतने तो आपल्या मनाने चालू केला. पंप जळाला त्या दिवशी श्रीकांत इथे जेवत होता. तुझ्या आदित्यचाच फोन आला. स्पीकर चालू होता. “चालू कर रे, पुढचं मी बघतो.” श्रीकांत अर्ध्या ताटावरून उठून गेला. मी वाढत होते, मी ऐकलं. बायकोने काय ऐकलं ते चौकशीत कोण विचारतं?

आदित्यने चौकशीत काय सांगितलं ते आमच्यापर्यंत अजून यायचं होतं. तुला ते माहीत होतं. तू म्हणालीस, “इतकी कोवळी मेथी इथे कुठेच मिळत नाही हो.” मग काडी मोडता मोडता विचारलंस, “या भिंतीवरचं ऊन उन्हाळ्यात किती वाजता उतरतं?”

मला बरं वाटलं. कुणीतरी बागेबद्दल विचारत होतं. मी उठून दाखवलं, इथे सावली आधी येते, इथे अळू लाव, तिथे मिरची. ‘लाव’च म्हटलं मी, बोलण्याच्या ओघात. तू मान हलवलीस. निघताना मी तुला जुडी बांधून दिली आणि तू ती घेतलीस.

आदित्य घाबरला असेल. नोकरी सगळ्यांनाच हवी असते. त्याच्यावरचा राग कदाचित नाशिकला पोचेपर्यंत उतरेल. तू माझ्या पायरीवर बसून माझ्या घरातलं तुझं ऊन विचारत होतीस. हा राग मला उतरवायचा नाही.

वाळूत रोपं एक-दोन दिवस तग धरतात. तू पाणी घालशील. पानं पिवळी होतील, तू आणखी पाणी घालशील. कुणाला विचारावं कळणार नाही, कारण जिला विचारायचीस ती इथे नसेल. तुझा तो चेहरा बघायला मी नसेन, एवढंच वाईट वाटतं.

पत्र किल्लीबरोबर ओट्यावर ठेवते आहे. घरात काही मोडलेलं नाही.

शब्द पाळून निघालेली,
संपदा

शनिवार.

सकाळी बॅगा बाहेर काढत होतो तेव्हाच तू मागच्या फाटकाने आत आलीस. वांग्याच्या रोपाला नुसता हात लावलास आणि ते मुळांसकट हातात आलं. कुणी बघत नाही असं वाटून तू गुडघ्यांवर बसलीस आणि ते परत वाळूत खोचायला लागलीस. ते पडलं. पुन्हा खोचलंस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. गाडी आली आहे. पत्र किल्लीखाली ठेवते.